सरासरीआड दडलेली वस्ती: गावातील आरोग्याची विषमता मोजावी कशी आणि मांडावी कशी

२०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ भरली. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात किती बाळंतपणे दवाखान्यात झाली, किती मुलांचे लसीकरण पूर्ण झाले, असे आकडे जेव्हा अहवालात छापून येतात, तेव्हा ते आकडे खोटे नसतात. पण अथणीचा अवर्षणाचा पट्टा, निपाणीच्या विडी वळणाऱ्या बायकांच्या गल्ल्या, चिकोडी आणि रायबागचा पुराचा नदीकाठ आणि खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या पोटात वसलेली गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव ही गावे त्या एका आकड्यात मिसळून गेलेली असतात. गावाच्या पातळीवरही हेच घडते. गावठाणातील पक्क्या घरांचा आकडा चांगला असला की गाव चांगले ठरते, आणि ओढ्यापलीकडच्या धनगरवाड्याचे काय झाले हे कोणी विचारत नाही.

हे लेखन गाव आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समितीच्या सदस्यांसाठी, महिला मंडळे व स्त्रीशक्ती संघांसाठी आणि गावासाठी वेळ देऊ इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींसाठी आहे. मी प्राथमिक शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर खानापूर तालुक्यात हे काम आशाताईंच्या सोबतीने केले आहे. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. वही, घड्याळ, खडू आणि चार घरांत विश्वासाने बसता येण्याइतकी ओळख एवढे पुरते.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते, कारण तिथे गोंधळ झाला तर पुढची सगळी मोजणी वाया जाते. आरोग्यातील प्रत्येक फरक हा अन्याय नसतो. म्हाताऱ्यांना तरुणांपेक्षा आजार जास्त होतात, हा वयाचा फरक आहे. परंतु एका वस्तीतील गरोदर बाईची तपासणी चार वेळा होते आणि दुसऱ्या वस्तीतील बाईची एकदाच, कारण मध्ये साकव नसलेला ओढा आहे, तेव्हा तो फरक टाळता येण्याजोगा होता आणि तरी टाळला गेला नाही, म्हणून तो अन्याय ठरतो. वहीतील प्रत्येक आकड्यापुढे ‘हे टाळता आले असते का?’ हा प्रश्न लिहावा. त्याचप्रमाणे सर्वांना सारखे देणे आणि ज्याला जे कमी पडते ते त्याला पुरवणे यांतला भेदही ध्यानात ठेवावा. सरकारी निकषांतसुद्धा हा भेद मान्य केलेला आहे: सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजारांना एक, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी तेच प्रमाण तीस हजार आणि वीस हजार आहे. डोंगरातल्या माणसाला जवळचा दवाखाना अधिक हवा, हे धोरणाने कागदावर केव्हाच स्वीकारले आहे. आपल्या वाट्याला तो आला आहे का, एवढेच आपण तपासायचे आहे.

वेगवेगळे मोजल्याने काय दिसते याचे एक जुने उदाहरण आपल्याच इलाख्यातले आहे. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबईशी जोडलेले होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई शहरातील मृत्यूंची नोंद समाजवार ठेवली गेली होती. त्या नोंदीप्रमाणे युरोपीय लोकांत दर हजारी ८.३ माणसे दगावली, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना त्या काळी खालच्या जाती म्हणत त्यांच्यात ६१.६. विषाणू एकच होता. दाटीची चाळ, अपुरे अन्न, आजारपणात कामावरून सुट्टी न मिळणे आणि दवाखान्याचे दार लांब असणे, यांमुळे एका शहरातील माणसे एकमेकांपासून सातपट अंतरावर गेली. ज्या कारकुनांनी तो तक्ता समाजवार भरला त्यांचा हेतू काहीही असो, तो एकत्र भरला असता तर आज आपल्याला यातले काहीच कळले नसते.

त्याआधीच्या प्लेगच्या सालांच्या आठवणी आमच्या भागातील जुन्या माणसांकडून ऐकलेल्या अनेकांना असतील: गाव रिकामे करून शिवारात झोपड्या घालून राहणे, आणि गाठ आली की माणसाला वेगळे ठेवणे. ज्याच्या मालकीचे शेत होते त्याला झोपडी घालायला जागा होती. भूमिहीनाला ती दुसऱ्याच्या बांधावर मागावी लागे. १८९७ चा साथरोग कायदा त्याच प्लेगसाठी झाला, आणि २०२० साली कोरोनाच्या वेळी तोच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोचे मैदान आज सभा आणि खेळांसाठी ओळखले जाते, पण देवीची लस बनवणारी संस्था तिथे होती म्हणून त्याला ते नाव पडले. लस जिथे तयार होते तिथून काही कोसांवरच्या वाडीत ती केव्हा पोहोचते, हा प्रश्न त्या काळीही होता आणि आजही आहे.

नकाशा अंगणात काढावा

कामाची सुरुवात नकाशापासून करावी, आणि तो नकाशा ग्रामपंचायतीतून आणू नये. देवळाच्या अंगणात किंवा अंगणवाडीच्या ओट्यापुढे बायकांना बोलवावे, रांगोळी आणि खडू द्यावा, आणि गाव काढायला सांगावे. पहिल्यांदा देऊळ निघते, मग शाळा, मग विहिरी. घरांसाठी चिंचोके ठेवावेत. ज्या घरात पाच वर्षांखालचे मूल आहे तिथे हरभऱ्याचा दाणा, ज्या घरात गरोदर बाई आहे तिथे हळदीचे बोट. आमच्या एका बैठकीत सर्व घरे मांडून झाली असे सगळ्याजणी म्हणाल्या, तेव्हा मागे उभी असलेली एक म्हातारी पुढे आली, चिंचोक्यांची मूठ घेऊन अंगणाच्या अगदी कडेला, चपला काढल्या होत्या तिथे बसली, आणि तिने नऊ चिंचोके मांडले. ‘आमची घरं गावात धरता का नाही?’ एवढेच ती बोलली. गावातल्या बायकांनी मुद्दाम काही लपवले नव्हते. त्यांच्या मनातल्या गावाची हद्दच तिथवर येत नव्हती. त्या नऊ घरांसाठी चपला उचलून अंगण मोठे करावे लागले.

म्हणून बैठकीला कोण आले नाही याची नोंद आलेल्यांच्या नोंदीइतकीच जपून ठेवावी, आणि न आलेल्यांच्या वस्तीत दुसरी बैठक घ्यावी. ऊस पट्ट्यातील गावांनी आणखी एक काळजी घ्यावी: कारखान्याच्या हंगामात कोप्या घालून राहणाऱ्या ऊसतोड टोळ्या आशाताईंच्या यादीत बहुधा नसतात, कारण त्या गावच्या रहिवासी नसतात. त्यांची मुले मात्र ते चार-पाच महिने याच शिवारात असतात, त्यांचा ताप इथलाच असतो आणि त्यांच्या लसीची तारीख इथेच चुकते. मुकादमाशी बोलून त्यांची घरे नकाशावर घ्यावीत.

काय विचारावे, काय विचारू नये

प्रश्न थोडे ठेवावेत. गेल्या तीन वर्षांत या घरात बाळंतपण झाले का, कुठे झाले, आधी किती तपासण्या झाल्या, बाळाच्या लसी कार्डावर कुठपर्यंत आल्या आहेत, गेल्या वर्षात आजारपणासाठी कर्ज काढले किंवा जनावर विकले का, घरातील माणसे कोणते काम करतात, आणि घरात कोणती भाषा बोलतात व कोणती वाचता येते. कामाचा प्रश्न गाळू नये. निपाणी भागात घरी बसून विडी वळणाऱ्या बाईचा खोकला आणि तिच्या मांडीवर झोपलेल्या मुलाच्या नाकात जाणारी तंबाखूची धूळ हा प्रश्न विचारल्याशिवाय वहीत येत नाही. तोंडी उत्तरापेक्षा तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींची नोंद असलेले सरकारी कार्ड, पाहून लिहिलेले उत्तर चांगले.

क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार यांविषयी घरोघर विचारू नये. छोट्या गावात नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो, आणि एकदा विश्वास गेला की ती वस्ती पुढची दहा वर्षे दार उघडत नाही. वहीत नावांऐवजी घर क्रमांक लिहावेत आणि क्रमांकांची यादी वेगळ्या जागी ठेवावी.

अंतर मिनिटांत मोजावे

बाळंतपणातील मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९४ साली तीन विलंबांची मांडणी केली, आणि गावपातळीवर तिच्याइतके उपयोगी साधन मला दुसरे मिळालेले नाही. पहिला विलंब घरात निर्णय घेण्याचा, दुसरा दवाखान्यापर्यंत पोहोचण्याचा, आणि तिसरा दवाखान्यात पोहोचल्यावर उपचार सुरू होण्याचा. प्रत्येक गंभीर प्रसंगाविषयी या तिन्ही टप्प्यांना किती वेळ लागला हे घरच्यांना सावकाश विचारावे. बहुतेक ठिकाणी दोष पहिल्या विलंबावर ढकलला जातो, म्हणजे लोक अडाणी आहेत, वेळेवर आणत नाहीत, असे म्हटले जाते. मिनिटे लिहून काढली की दोषाची वाटणी बदलते.

दुसरा विलंब मोजण्याचा एकच खरा मार्ग आहे: स्वतः चालणे, आणि पावसाळ्यात चालणे. पाटीवर चार किलोमीटर लिहिलेल्या एका वस्तीपासून उपकेंद्रापर्यंत मी एका आषाढात आशाताईंसोबत घड्याळ लावून निघाले. ओढ्याला पाणी गुडघ्याएवढेच होते, पण दगडांवर शेवाळ धरले होते; चपला हातात घेऊन, एकमेकींचे मनगट धरून, पाय चाचपत आम्ही तो बारा मिनिटांत ओलांडला. पुढे चिखलाची चढण होती. आशाताईंच्या खांद्यावर लसींची पेटी होती आणि डोक्यावरचे इरले वाऱ्याने सारखे उलटत होते. उपकेंद्र गाठायला एक तास पन्नास मिनिटे लागली. आम्ही दोघी धडधाकट होतो आणि आमच्या हातात काठी होती. कळा सुरू झालेल्या बाईला चौघांनी डोलीतून आणायचे म्हणजे किती वेळ, हे त्या दिवशी आम्ही वहीत अंदाजाने लिहिले नाही. ज्यांनी डोली उचलली होती त्यांना विचारून लिहिले. उन्हाळ्यातली वेळ आणि पावसाळ्यातली वेळ असे दोन रकाने करावेत. मोबाईलला रेंज कुठे लागते तेही नकाशावर दाखवावे, कारण १०८ ची रुग्णवाहिका बोलावण्यासाठी आधी टेकडीवर चढावे लागत असेल तर ती मिनिटेही दुसऱ्या विलंबातच धरायची.

भाषेची मोजणी

आपल्या सीमाभागात हा रकाना स्वतंत्र हवा, आणि तो भांडणाच्या सुरात भरू नये. माझ्या शेजारच्या एका बाईला दवाखान्यातून घरी पाठवताना गोळ्यांची तीन पाकिटे दिली होती. पाकिटांवर सगळे नीट लिहिलेले होते, पण ते कन्नडमध्ये, आणि बाई मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. रात्री एकच घ्यायची गोळी ती आठवडाभर तीन वेळा घेत होती. लिहून देणारी नर्स जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून बदलून आलेली होती. तिला मराठी येत नव्हते आणि तिने आपले काम चोख केले होते. अशा वेळी दोघींपैकी कोणाचीही चूक शोधून काही हाती लागत नाही. मध्ये जी सोय हवी होती ती नव्हती, आणि ती सोय मागणे हा आपला विषय आहे.

मोजायचे असे: गेल्या महिन्यात औषध आणलेल्या प्रत्येक घरात पाकीट हातात द्यावे आणि ‘ही गोळी तुम्ही कशी घेता?’ असे विचारावे. उत्तर पाकिटावरच्या सूचनेशी जुळते का, एवढेच लिहावे. सूचना वाचता येणारी कन्नड जाणकार व्यक्ती सोबत हवी, आणि ती गावातच मिळते. मागणीही साधी ठेवावी: पाकिटावर सकाळसाठी सूर्य आणि रात्रीसाठी चंद्र काढावा; औषध देताना रुग्णाकडून एकदा परत सांगून घ्यावे; आणि ओपीडीच्या वेळेत दोन्ही भाषा जाणणारी एक व्यक्ती खिडकीजवळ असावी. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर मान्य झालेल्या संरक्षणांत, जिल्हा किंवा तालुक्यात पंधरा टक्के वा त्याहून अधिक लोक जी भाषा बोलतात तिच्यात महत्त्वाच्या सूचना प्रसिद्ध कराव्यात, असे आहे. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करावा. मात्र चंद्र-सूर्याच्या चित्राला कोणाचीच परवानगी लागत नाही, आणि ते कन्नड न येणाऱ्या मराठी आजीला जितके उपयोगी पडते तितकेच निरक्षर कन्नड आजोबांनाही.

आकडे मांडणे

हिशेब अवघड नाही. समजण्यासाठी एक कल्पित गाव घेऊ. तीन वर्षांत ६० बाळंतपणे झाली आणि त्यांपैकी ४८ बायकांच्या चार तपासण्या पूर्ण झाल्या, म्हणजे ८० टक्के. कोणीही समाधान मानेल. आता वस्तीवार पाहू. गावठाणात ४० पैकी ३६, म्हणजे ९० टक्के. मळ्यातील घरांत १२ पैकी ९, म्हणजे ७५ टक्के. धनगरवाड्यात ८ पैकी ३, म्हणजे ३७.५ टक्के. गावठाण आणि धनगरवाडा यांत साडेबावन्न टक्क्यांचे अंतर आहे. सुटलेल्या १२ बायकांपैकी ५ एकट्या धनगरवाड्यातल्या आहेत, जरी गावातील बाळंतपणांत त्या वस्तीचा वाटा ६० पैकी ८ इतकाच आहे. हे शेवटचे वाक्य ग्रामसभेत टक्केवारीपेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

आकडे लहान असताना एक सावधगिरी पाळावी. दोन घरांपैकी एकात काही घडले तर ते ‘पन्नास टक्के’ म्हणून सांगू नये. ‘दोनपैकी एक’ असेच लिहावे. एका वर्षाऐवजी तीन वर्षे धरण्याचे कारणही हेच आहे.

कोणापुढे न्यावे

पहिला कागद गावच्या समितीपुढे ठेवावा. या समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत मुक्त निधी मिळू शकतो, आशाताई तिच्या सदस्य-सचिव असतात आणि अध्यक्षपद पंचायत सदस्याकडे असते. डोलीसाठी कापडी स्ट्रेचर घेणे, टॉर्च घेणे अशी कामे इथेच मार्गी लागतात. साकव, रस्ता, पाणी हे विषय वॉर्डसभेत मांडून ठरावाने ग्रामसभेत न्यावेत. कर्नाटकात या दोन्ही सभा सहा महिन्यांतून किमान एकदा होणे कायद्याने बंधनकारक आहे. नर्सची रिकामी जागा, औषधांचा तुटवडा, उपकेंद्राची वेळ हे विषय तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी.

उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही, आणि उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा लागतो, म्हणून कन्नडमध्ये लिहून देणारा माणूस आधीच हेरून ठेवावा. मराठीत दिलेला अर्ज परत आला म्हणून महिना वाया घालवणे आजाऱ्याला परवडणारे नसते.

हक्क म्हणून काय मिळते ते वस्तीतल्या प्रत्येक घराला ठाऊक हवे. २०११ पासून सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या, जेवण, आणि घरापासून दवाखान्यापर्यंत व परत घरी येण्याचे वाहन हे सारे मोफत आहे. परतीच्या वाहनाला कर्नाटकात ‘नगु-मगु’ म्हणतात. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, तर एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या तीस टक्के, दीड लाखांच्या मर्यादेत. तातडीचा प्रसंग नसेल तर खासगी रुग्णालयात जाण्यापूर्वी सरकारी दवाखान्याचे शिफारसपत्र घ्यावे, नाहीतर बिल अंगावर पडते. सीमेवरच्या माणसाची वाट मात्र राज्याच्या रेषेप्रमाणे चालत नाही: निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो, चिकोडी-अथणीचा मिरजेला, आणि कणकुंबीकडचा कधी चोर्ला घाट उतरून गोव्याला, जिथे बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात २०१८ पासून बाहेरच्या राज्यांतील रुग्णांना शुल्क आकारले जाते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करण्याचा निर्णय घेतला. पण रुग्ण गाडीत घालण्यापूर्वी त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाला, फोन करून आपले गाव, आपले शिधापत्रक आणि तो विशिष्ट उपचार तिथे चालतो का, हे विचारून घ्यावे.

शेवटच्या घरापर्यंत उपाय नेता येतो, याचा पुरावा याच जिल्ह्याने जगाला दिलेला आहे, आणि अधिकाऱ्यांपुढे तो अवश्य सांगावा. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० बायकांवर एक अभ्यास झाला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या नर्सबाईंनी बाळंतपणानंतर लगेच सुमारे निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या, आणि तुलनेसाठी बाकीच्यांना औषध नसलेल्या गोळ्या. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण औषध न मिळालेल्यांत १२ टक्के, तर मिळालेल्यांत ६.४ टक्के निघाले, आणि अतिगंभीर रक्तस्रावाचे १.२ आणि ०.२. या गोळीला इंजेक्शनसारखी सुई लागत नाही आणि थंड पेटीही लागत नाही. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणानंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी ती आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. गोळ्या डॉक्टरांनी नव्हे, गावात राहणाऱ्या नर्सबाईंनी दिल्या होत्या, म्हणून उपकेंद्रातील नर्सची जागा रिकामी आहे असे पत्र लिहिताना हे आकडे सोबत जोडावेत.

कागद दिल्यानंतर सहा महिन्यांनी तीच वस्ती, तेच प्रश्न आणि तीच वाट पुन्हा घ्यावी. प्रश्न बदलले तर जुन्या आकड्याशी तुलना करता येत नाही. अंगणातला नकाशा पुसला जाण्यापूर्वी मोठ्या कागदावर उतरवून, तारीख घालून, अंगणवाडीच्या भिंतीवर लावावा. जिथे घर नवे झाले किंवा साकव बांधला गेला, तिथे ज्या वस्तीचा तो असेल तिथल्या बाईच्या हातूनच खूण करून घ्यावी. आमच्या कागदावर कडेची ती नऊ घरे आता आत आली आहेत. ओढ्यावरची जागा अजून रिकामी आहे, आणि येत्या आषाढात आम्ही पुन्हा घड्याळ लावून निघणार आहोत.